पाठीवरचा खटका

माझ्या सासूबाई खिशात चाकू घेऊन फिरतात असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे दयेने बघतो आणि मग हळूच विचारतो, "आणि पटतं का तुमचं?" पटतं. चांगलं पटतं. खटके उडतात, पण ते कुठल्या घरात उडत नाहीत? आमच्या घरातला एक खटका खिशात असतो, एवढाच काय तो फरक.

सासूबाईंचं काम ट्रकवरचा माल बांधायचं. हमालांनी माल रचला, की त्यावर ताडपत्री ओढायची, दोरखंड आडवेतिडवे टाकायचे, बाजूच्या आकड्यांत अडकवून आवळायचे आणि गाठी मारायच्या. यार्डात सगळे त्यांना गाठमावशी म्हणतात. कुणी दोरी नीट गुंडाळून ठेवली नाही, की त्या एवढंच म्हणतात, "गाठ माझ्याशी आहे." यार्डात हे वाक्य कुणी गमतीने घेत नाही. बांधलेला ट्रक मग माझ्या वजनकाट्यावर येतो. मी काचेच्या केबिनमध्ये बसते, तिथून अख्खं यार्ड दिसतं. माझी आणि त्यांच्या मुलाची गाठही त्यांनीच घातली, आणि त्यांची गाठ सहजासहजी सुटत नाही हे मी अनुभवाने सांगते.

दोऱ्या बांधाव्या लागतात तशा कापाव्याही लागतात. पावसात भिजलेली, ओझ्याने आवळून दगड झालेली गाठ बोटांनी सुटत नाही. त्यासाठी चाकू. त्यांचा जुना चाकू घडीचा होता, पण साधा. उघडलेलं पातं उघडंच राहावं म्हणून त्यात काहीच सोय नव्हती. एकदा अशाच एका ओल्या गाठीत त्यांनी टोक खुपसलं, जोर दिला, आणि पातं उलटं फिरून त्यांच्याच बोटांवर मिटलं. सासूबाई डावखुऱ्या. डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही हाडापर्यंत कापली गेली. टाके पडले. मधलं बोट सुधारलं, पण शेजारचं आता अर्धंच वाकतं आणि त्याच्या टोकाला काही कळत नाही.

माझा नवरा दवाखान्यात ड्रेसिंग करतो. रोज दुसऱ्यांच्या जखमा बांधणारा हा माणूस आईचा हात बांधताना पांढराफटक पडला होता. पट्टी बांधून झाली आणि तो म्हणाला, "आई, आता पुरे."

"काय पुरे?"

"काम. चाकू. सगळंच."

"बोट कापलंय, मी नाही," सासूबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या हाताने चहा ढवळायला लागल्या.

त्यानंतर कित्येक दिवस तो रोज हेच म्हणायचा आणि त्या रोज हेच ऐकून सोडून द्यायच्या. शेवटी त्यानेच माघार घेतली आणि एक नवा कोरा चाकू आणून त्यांच्यापुढे ठेवला. लाल, चकचकीत. त्यात पाती होती, कात्री होती, करवत होती, बाटली उघडायचा आकडा होता, दात कोरायची काडीसुद्धा होती. सासूबाईंनी एकेक पातं उघडून बघितलं, हलवून बघितलं, आणि सगळं मिटवून परत त्याच्या हातात दिलं.

"नाकापेक्षा मोती जड," त्या म्हणाल्या. "दात कोरायला तू वापर."

मग सुट्टीच्या दिवशी त्या मला घेऊन अवजारांच्या दुकानात गेल्या. पिशवीत यार्डातल्या दोरखंडाचा हातभर तुकडा होता. दुकानदार पन्नाशीचा, बोलघेवडा. त्याने काचेवर मखमली कापड पसरलं आणि एक काळा चाकू काढला. अंगठ्याने टिचकी मारताच पातं चटकन उघडलं.

"बघा काकू, एका हाताने उघडतो. सेफ्टी लॉक आहे. उघडला की कितीही जोर द्या, मिटणार नाही."

"उघडायला काय, कुणीही उघडतं. बंद करून दाखवा."

दुकानदाराला हे जरा नवीन होतं. मुठीच्या आत एक पत्र्याची पट्टी होती. पातं उघडलं, की ती सरकून त्याच्या मागे अडायची. त्याने ती अंगठ्याने बाजूला दाबली आणि पातं मिटवलं. सासूबाईंनी चाकू डाव्या हातात घेतला. अंगठा पट्टीच्या उलट्या बाजूला आला. पट्टी दाबायची तर ती शेजारच्या बोटानेच दाबावी लागत होती, आणि त्यांचं ते बोट तर नावालाच उरलेलं.

"हा उजव्यांचा आहे," त्या म्हणाल्या.

"अहो काकू, चाकूला कसला आलाय उजवा-डावा?"

"मग डाव्या हाताने मिटवून दाखवा."

त्याने हसत हसत चाकू डाव्या हातात घेतला. पट्टी शोधायला बोट आत घातलं, पातं हललं आणि हसणं थांबलं. बोट वेळेवर बाहेर आलं एवढं नशीब. त्याने चाकू मुकाट्याने मखमलीवर ठेवला आणि खालचा खण उघडला.

खालच्या खणातला चाकू दिसायला अगदीच गबाळा होता. जाड पातं, धारेचा पुढचा भाग साधा आणि मुठीकडचा दातेरी. मूठ खरखरीत, ओल्या हातातून निसटणार नाही अशी. खटका मात्र मुठीच्या पाठीवर, बरोबर मध्ये. तिथे अंगठा दाबला की पातं मोकळं होतं, मग हात डावा असो की उजवा. सासूबाईंनी पातं उघडलं. खट् असा जाड आवाज आला. बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी मूठ धरून त्यांनी पात्याची पाठ लाकडी फळीवर आपटली. पातं जागचं हललं नाही. पुन्हा आपटली. दुकानदार म्हणाला, "काकू, फळी माझी आहे."

"दोरी माझी आहे," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून तुकडा काढून मला दोन्ही टोकं ताणून धरायला लावली. दातेरी भाग त्यावरून एकदाच ओढला. माझ्या दोन्ही हातांत अर्धा अर्धा तुकडा राहिला.

मला वाटलं, झालं. पण त्या मिटवत बसल्या. अंगठा खटक्यावर, पात्याची पाठ मांडीला टेकवायची, खट्, बंद. उघडा. पुन्हा बंद. डोळे मिटून बंद. दुसरीकडे बघत बंद. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, खिळे घेऊन गेली. मला लाज वाटायला लागली होती, खोटं कशाला सांगू.

"आई, पातं उघडं राहावं म्हणून घेतोय ना आपण? मिटवण्याचं एवढं काय?"

"अगं, कापता सगळ्यांनाच येतं. हा वेळेला बंद झाला पाहिजे."

मी मनात म्हटलं, एकदा भाजलंय, आता ताकही फुंकून पिणार. चाकू घेतला.

तो बाळगण्याचे त्यांचे नियम होते. कामाच्या कोटाला डाव्या बाजूला त्यांनी आतून एक खोल खिसा शिवला, त्याला बटण लावलं. चाकूच्या टोकाच्या भोकात एक दोरी ओवून ती कोटाला बांधली, म्हणजे वर चढलेलं असताना हातातून सुटला तर कुणाच्या डोक्यात पडणार नाही. पातं उघडं असलं की पाय थांबलेले, पाय चालायला लागले की पातं मिटलेलं. फळं कापायला चाकू मागितला तर द्यायच्या नाहीत. बाजारात जाताना कोट घरी. गेटवरचा पहारेकरी रोज मस्करी करायचा, "मावशी, हत्यार आहे का?" त्या म्हणायच्या, "हत्यार तोंडात आहे. खिशात अवजार आहे."

नवऱ्याचं मात्र समाधान होईना. तो त्या चाकूला हातही लावायचा नाही. कोट खुंटीवर असला, तर लांबून जायचा.

"खटका लाव नाहीतर कुलूप लाव, चाकू तो चाकूच," तो एकदा जेवताना म्हणाला. "आणि तुझं म्हणजे सुंभ जळाला तरी पीळ जात नाही."

"पीळ गेला तर त्याला सुंभ कोण म्हणेल?"

आता तो चिडला. "दोन दोऱ्या आवळायला अशी काय अक्कल लागते ग? माझ्या सुट्टीच्या दिवशी मी येतो. तू नुसती बसून बघ. संध्याकाळपर्यंत मी सगळे ट्रक बांधून दाखवले, तर तुझ्यावाचून तिथलं काही अडत नाही हे कबूल करायचं आणि घरी बसायचं."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी त्याच्याकडे डोळे मोठे करून बघितलं, पण बाण सुटला होता. सासूबाईंनी घास संपवला.

"आणि नाही जमलं तर?"

"तर पुन्हा पुरे म्हणणार नाही."

"ठरलं," त्या म्हणाल्या. मला धडकी भरली, कारण सासूबाई शब्द फिरवत नाहीत. त्यांना घरी बसवणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. त्या कोपऱ्यात बसून राहिल्या असत्या आणि आतून सुकत गेल्या असत्या.

आणि त्या सुट्टीच्या दिवशी यार्डात नवऱ्याला जमत होतं, हीच तर पंचाईत. तो पट्ट्या बांधणारा माणूस, हाताला सवय होती. मुकादमाने हसून परवानगी दिली होती. सासूबाई बाजूला उलट्या खोक्यावर बसून सांगत होत्या आणि तो करत होता. फक्त एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा बजावत होत्या. "दोरी हाताला गुंडाळून ओढू नकोस. तळव्यात धर. सुटली तर सुटू दे."

दुपार उलटली तेव्हा एकच ट्रक उरला होता, रद्दी पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांचा. त्याच्या तळव्यांना फोड आले होते, दोरी निसटत होती. केबिनमधून मी बघितलं, त्याने दोरीचा वेढा हाताला घेतला आणि अंग मागे टाकून ओढलं. त्याच क्षणी वरची रांग त्याच्या बाजूला सरकली. दोरी तारेसारखी ताणली आणि त्याचा हात आकड्याशी करकचून अडकला. तो ओरडला. मी केबिनचं दार उघडं टाकून धावले.

सासूबाई माझ्याआधी पोचल्या. धावताना चाकू मिटलेलाच होता. त्याच्या शेजारी पाय रोवले, खट्, पातं उघडलं आणि दोरीला लावलं.

"काप!" हमाल ओरडले. "कापा, आई!" मी ओरडले. आणि माझा नवरा, ज्याला तो चाकू डोळ्यांसमोर नको होता, तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, "आई, काप! काप ना!"

त्यांनी मान वर करून बघितलं. मग अंगठा खटक्यावर गेला, पातं मांडीला टेकलं, खट्. चाकू खिशात. बटणसुद्धा लावलं.

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला, की हातात काही असतं तर फेकून मारलं असतं. वाटलं, म्हातारी भ्यायली. जुनी जखम आठवली आणि हात गळाले.

"कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "वर बघा."

वर बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. गठ्ठ्यांची अख्खी रांग त्याच्या डोक्यावर कलली होती आणि जिने त्याचा हात आवळला होता, तीच एक दोरी तिला धरून होती. दोरी कापली असती, तर हात सुटला असता आणि माणूस गेला असता.

"रुंद पट्टा आणा. पलीकडून टाका. तू वजनकाटेवाली, लांब हो." मी तेव्हा सून नव्हते, वजनकाटेवाली होते. मी लांब झाले. त्या स्वतः मात्र मुलाच्या खांद्याला खांदा लावून त्या कललेल्या गठ्ठ्यांखाली उभ्या राहिल्या. पट्टा वरून आला, त्यांनी तो आकड्यात अडकवला, पलीकडे ड्रायव्हरने दांड्याने आवळायला घेतला. "आणखी. आणखी. थांब. आणखी एक." गठ्ठे करकरले आणि इंच इंच मागे गेले. ताणलेली दोरी थोडी सैल पडली. त्यांनी ती बोटाने दाबून बघितली. मग खिशाचं बटण काढलं, खट्, दातेरी भागाने एकदा ओढलं. हात सुटला. पुन्हा खट्. त्यानंतर त्या म्हणाल्या, "बघू, बोटं हलव."

बोटं हलली. सगळी.

दवाखान्यात त्याच्याच सोबत्यांनी हात तपासला, हाड शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्टी बदलायची होती. एका हाताने स्वतःची पट्टी बांधता येत नाही, म्हणून सासूबाई बांधायला बसल्या. छान गुंडाळली, गाठ मारली. उरलेलं टोक कापायला कात्री सापडेना. मी खण उपसत होते. तेवढ्यात तो उठला, खुंटीवरच्या कोटाजवळ गेला, डाव्या खिशाचं बटण काढलं, दोरीची गाठ सोडली आणि चाकू आणून आईपुढे धरला. मिटलेला.

सासूबाईंनी टोक कापलं. पातं मांडीला टेकलं. खट्.

"आई," तो म्हणाला, "काल तू बंद का केलास? कापायचं नव्हतं तर नुसती थांबली असतीस. हातात राहू द्यायचास."

त्यांनी चाकू खाली ठेवला.

"तू ओरडत होतास रे," त्या म्हणाल्या. "वरचे गठ्ठे मला दिसत होते, तरी तुझा आवाज ऐकून हात कापायलाच निघाला होता. उघडा राहिला असता, तर मी कापलं असतं."

त्याने आपल्या हातावरच्या गाठीकडे बघितलं. मग त्याने चाकू उचलला, पुन्हा कोटाच्या खिशात ठेवला, दोरी बांधली, बटण लावलं आणि पाठमोराच विचारलं, "उद्या किती वाजता निघणार आहेस? डबा भरून ठेवतो."

"नेहमीच्याच वेळेला," सासूबाई म्हणाल्या.