कुठल्या लाइनीला किती पारा

आमच्या तपासणी केंद्राला लिफ्ट होती, पण ती चालू असलेली मी सव्वीस वर्षांत तीनदा पाहिली, आणि त्यातल्या एकदा मी आतच अडकलो होतो. त्यामुळे नोकरी लागलेला प्रत्येक माणूस तीन मजले चढून, धापा टाकत आमच्यापर्यंत यायचा. कारखाना असो, बँक असो, शाळा असो, नेमणुकीचं पत्र हातात पडलं की पाठोपाठ आमच्याकडचा फिटनेसचा दाखला लागायचाच. दारातून आत आलं की डाव्या हाताला माझा काटा. उंची आणि वजन माझ्याकडे. उजव्या हाताला खिडकीखाली टेबल, त्यावर पाऱ्याचं उभं यंत्र आणि यंत्रामागे पारेबुवा. त्यांच्याकडे ब्लडप्रेशर. आतल्या खोलीत डॉक्टर बसायचे, ते मान वर न करता सही करायचे. गंमत सांगत नाही, एका माणसाने तर त्यांना स्वतःच्या लग्नाची पत्रिका दिली, तीही सही होऊन परत आली.

पारेबुवा हे नाव मी ठेवलेलं. ते मला वजनदार म्हणायचे. "आधी आमच्या वजनदारांकडे जाऊन या," असं ते म्हणाले की समोरचा माझी हाडं बघून हसायचा. हसला की पारेबुवा लगेच, "हां, आता बसा दहा मिनिटं. जिना उतरू दे अंगातून." मग पट्टा गुंडाळणार, फुगा दाबणार, पारा सरसर वर जाणार, आणि हळूहळू खाली येताना ते कानात नळ्या घालून असे ऐकत बसायचे की जणू आतून कुणी निरोप सांगतंय.

या माणसाला एक नाद होता. फॉर्मवर आकडा लिहिला की नाव आणि तोच आकडा ते स्वतःच्या एका जाड वहीत उतरवून घ्यायचे. एका धंद्याला काही पानं. ड्रायव्हर, नर्स, मास्तर, हिशेबनीस, स्वयंपाकी, विमा विकणारे, विम्याचे दावे तपासणारे, सगळे वेगवेगळे. वर प्रेशर, आणि तळाला त्या वर्षी त्या लाइनीतली किती माणसं नोकरीला लागली तो आकडा. म्हणजे एकाच पानावर कळणार की या कामात जिवाला घोर किती आणि पुढे भविष्य किती. टाइपिस्टांच्या पानाच्या तळाला पहिल्या वर्षी त्रेसष्ट, पाचव्या वर्षी एकवीस, मग चार, मग एक. ती एक बाईसुद्धा चुकून वर आली होती, तिला दुसऱ्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. गाणं शिकवणाऱ्यांचं प्रेशर म्हणाल तर लहान मुलासारखं. पण सव्वीस वर्षांत आल्या दोघीच.

वर्षअखेरीला सरासरी काढायचं काम माझं. सरासरी मी गावच्या शाळेत शिकलो. मास्तरांनी सगळा वर्ग भिंतीला टेकवून उभा केला, एकेकाची उंची मोजली, भागाकार केला आणि म्हणाले, "हा आला तुमच्या वर्गाचा सरासरी मुलगा. आता शोधा, कुठल्या बाकावर बसतो तो." आम्ही अर्धा तास बाकांखाली वाकून वाकून शोधत होतो. मास्तर पोट धरून हसले. त्यातून काय शिकायचं होतं ते माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं, पण भागाकार पक्का झाला.

हळूहळू वहीची कीर्ती झाली. मुलाचा निकाल लागला की बाप पारेबुवांकडे. एक शिंपी आला होता, मुलाला वकील करावं की पूल बांधणारा इंजिनियर. पारेबुवांनी पानं उलटली. "वकिलाचं वरचं एकशे चौतीस. इंजिनियरचं एकशे अठ्ठावीस, पण गेल्या तीन वर्षांत भरती निम्म्यावर आलीय. काय करता?"

"माझं किती आहे ते आधी बघा," शिंपी म्हणाला.

एकशे दहा निघालं. "मग शिंपीच करा की त्याला," पारेबुवा म्हणाले. शिंपी असा रागावला की पट्टा दंडाला तसाच बांधून जिन्यापर्यंत गेला.

आता पारेबुवांची मुलगी. एकुलती एक, आईविना वाढलेली, बोलायला तिखट. तिला नर्स व्हायचं होतं. शेजारच्या आजीला इंजेक्शन द्यायला बाई यायची, तिच्या मागे मागे ही लहानपणापासून कापूस धरून उभी राहायची. बावीस वर्षांची झाली तेव्हा बापलेकीचं आमच्या केंद्रातच वाजलं.

"बघ, हे नर्सचं पान. एकशे अडतीस, नव्वद. नोकरी लागायच्या दिवशी ही गत, पुढे काय होईल?"

"बाबा, अहो, त्या शिकताना रात्रपाळी करून थेट इथे येतात. झोपलेल्या नसतात त्या."

"आणि हे बघ, दावे तपासणारे. एकशे चौदा, बहात्तर! खुर्चीत बसून काम. रक्त नाही, उलटी नाही, रात्रपाळी नाही. आणि तळाला बघ, दर वर्षी माणसं वाढतायत. बारा, एकोणीस, चौतीस."

"मला फाइली तपासायच्या नाहीयेत. मला माणसं तपासायचीयत."

"काका, तुम्ही सांगा हिला," ती मला काका म्हणायची, म्हणून पारेबुवा तिच्याच शब्दांत माझ्याकडे वळले. आणि मी सांगितलं. सरासरी माझी होती ना! मी म्हणालो, "अगं, दोनशे अकरा माणसांचा आकडा आहे हा. मी दोनदा ताळा केलाय." दोनशे अकरा माणसांपुढे एकटी पोर काय बोलणार? ती विमा कंपनीत लागली. रीतसर आमच्याकडे तपासणीला आली. एकशे आठ, सत्तर. अख्ख्या पानातला सगळ्यात छान आकडा. पारेबुवांनी त्या दिवशी मला दोन वेळा चहा पाजला. एरवी ते एका चहाला दोन कप मागवायचे.

जावईसुद्धा वहीत बघूनच केला म्हणा ना. छापखान्यात मुद्रितशोधक होता, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढणारा. शांत माणूस, शांत पान. आम्ही चेष्टा करायचो, चुका काढणारा जावई मिळाला म्हणून. चार वर्षांत छापखान्याने चुका काढायला संगणक बसवला आणि त्या पानाच्या तळाला शून्य आलं. जावई घरी बसला. छोटी नात सांभाळायची, अर्ज करायचे, आणि नकाराच्या पत्रांतल्या चुकांवर सवयीने लाल खुणा करायच्या. घर चालायचं ते मुलीच्या नोकरीवर.

मुलीच्या नोकरीला नऊ वर्षं झाली, तेव्हा त्या विमा कंपनीने नवीन नियम काढला. कामावर दोघं चक्कर येऊन पडले होते, म्हणून जुन्या लोकांचीही दर सहा महिन्यांनी तपासणी. दर मंगळवारी दहा-दहा जण. आमच्याकडे एकदा दाखला घेऊन गेलेला माणूस तोवर कधी परत आला नव्हता. पहिला आला तो टक्कल पडलेला गृहस्थ. वजन माझ्याकडे चौदा किलोने वाढलेलं. पारेबुवांनी पट्टा बांधला, पारा बघितला, परत फुगा दाबला, परत बघितला.

"यंत्र बिघडलंय. अहो वजनदार, हात आणा इकडे."

माझं एकशे तीस आलं, नेहमीसारखं. त्या गृहस्थाचं एकशे बासष्ट, एकशे दोन. दुसऱ्याचं एकशे अठ्ठावन्न. तिसऱ्या बाईंचं एकशे सत्तर. पारेबुवांनी वही उघडली. तीच नावं. एकशे बारा, एकशे सोळा, एकशे दहा.

"काय झालं काय तुम्हाला सगळ्यांना?"

टकलू गृहस्थ शर्टाची बाही खाली करत म्हणाले, "काका, तुम्ही मला त्या वेळी म्हणाला होतात, राजासारखं प्रेशर आहे."

"होतंच!"

"असणारच. नोकरी लागली होती मला. त्या दिवशी वाघाच्या पिंजऱ्यात बसवून मोजलं असतं तरी तेवढंच आलं असतं." मग जरा थांबून म्हणाले, "दिवसाला चाळीस फाइली असतात. त्यातल्या पंधरा तरी नामंजूर झाल्याच पाहिजेत असं वरून ठरलेलं. आणि नामंजूर केली की त्या घरी फोनही आपणच करायचा. कुणाचा नवरा गेलेला असतो, कुणाचं पोर."

ते गेल्यावर पारेबुवांनी वही मिटली. सव्वीस वर्षं आम्ही दारात उभं राहून आत शिरणाऱ्यांना मोजलं होतं. आत राहून माणसाचं काय होतं, ते वहीत एकाही ओळीत नव्हतं. त्या वर्षी बाकीच्या कंपन्यांनीही तोच नियम उचलला आणि जुनी माणसं भराभर परत यायला लागली. पारेबुवांनी प्रत्येक धंद्याला नवीन पान काढलं. मला आशा होती, एखादी तरी लाइन खाली राहील. मी भागाकार केला. दावे तपासणारे एकशे अठ्ठावन्न, मास्तर एकशे छप्पन्न, हिशेबनीस एकशे एकोणसाठ, स्वयंपाकी एकशे सत्तावन्न.

"नर्स?" पारेबुवांनी विचारलं. त्यांनी तो आकडा मुद्दाम शेवटी ठेवला होता.

"एकशे अठ्ठावन्न."

कमी असता तर पोरीपाशी कबूल तरी करता आलं असतं की तुझं खरं होतं. जास्त असता तर म्हणता आलं असतं, बघ, तुला वाचवलं. तेवढ्यावरच येऊन टेकला मेला.

मुलगी मुद्दाम शेवटच्या तुकडीत आली. पारेबुवांनी तिला दहा मिनिटं बसवलं. मी माझे जुने विनोद काढले, दाताच्या डॉक्टरांकडे जाणारी टाइपिस्ट, पट्ट्यासकट पळालेला शिंपी. ती भिंतीकडे बघत होती. पारा बघून पारेबुवांनी कानातल्या नळ्या काढल्या, पुसल्या, परत घातल्या. तीन वेळा मोजलं. एकशे अडुसष्ट, एकशे दहा.

"बाबा, एकशे वीस लिहा."

"गप्प बस. आधी आत डॉक्टरांकडे चल."

"डॉक्टर सही करतील आणि कागद कंपनीत जाईल. वर आकडा आला की तीन महिने बिनपगारी घरी. आमच्या विभागातली चौघं गेलीत तशी. एकही परत आलेली नाही, माहितीये? त्यांच्या जागा भरल्यासुद्धा."

"मग सोड ना ती नोकरी! दुसरी शोधू."

"कुठली?" तिने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटलं असावं, बाबांना एखादी माहीत असेल. "घरी दोघं आहेत बाबा. सांगा ना, कुठली?"

पारेबुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी काट्यावरची धूळ पुसायला लागलो. सव्वीस वर्षांत त्या माणसाने मंत्र्याच्या भाच्यासाठीसुद्धा आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, एकशे अठरा, शहात्तर. आतून सही होऊन आली. मुलीने कागद घेतला, "येते काका," म्हणाली आणि जिना उतरली. कठड्याला धरून उतरत होती. एकतीस वर्षांची पोर.

मग पारेबुवांनी बाजारातून फुगा दाबला की काचेवर आकडा दाखवणारं छोटं यंत्र घेतलं आणि दर शनिवारी तिच्या घरी जाऊन मोजायला लागले. गोळ्या ते तीन बस बदलून लांबच्या दुकानातून आणायचे, ओळखीचं कुणी बघून कंपनीत बोलायला नको म्हणून. परवाच्या शनिवारी मला म्हणाले, "चला वजनदार, तुम्ही असलात की जरा हसते." ती हसत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. मी गेलो.

दोन खोल्या. आतल्या खोलीत जावई नातीला चित्र काढून देत होता. बाहेर मुलगी टेबलापाशी, समोर लॅपटॉप, कानाला फोन अडकवलेला. शनिवारी सुट्टी, म्हणून आठवड्याचे उरलेले फोन घरून करायचे. तिने न बोलता डावा हात बापाकडे सरकवला. पारेबुवांनी पट्टा बांधून मोजलं. एकशे साठ. ते काही बोलणार तोच तिचा फोन लागला.

"हो ताई, मी कंपनीतूनच बोलतेय... हो, तुमच्या मिस्टरांच्याच फाइलबद्दल." तिचा आवाज इतका मऊ होता की नर्स झाली असती तर रोगी निम्मा तिथेच बरा झाला असता. "नाही ताई, नियमात बसत नाहीये... कळतंय मला... नाही हो, मशीन नाही बोलत, मी बोलतेय. मी माणूसच आहे ताई."

पारेबुवांच्या हातून सवयीने पुन्हा फुगा दाबला गेला. तिचं लक्ष नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. एकशे चौऱ्याऐंशी. पलीकडून रडण्याचा आवाज इतका स्पष्ट येत होता की आतल्या खोलीतल्या पोरीने विचारलं, "कोण रडतंय?" जावयाने दार लोटून घेतलं.

फोन संपला. तिने लॅपटॉपवर एक खूण केली आणि बापाकडे वळली. "किती आलं?"

"एकशे छत्तीस," पारेबुवा म्हणाले. "उतरतंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. "खरं, काका?"

"अगं हो, माझ्या डोळ्यांसमोर," मी म्हणालो.

"बरं." तिने पुढचा नंबर लावला. पारेबुवा पट्टा सोडायला पुढे झाले तर म्हणाली, "राहू द्या बाबा. अजून नऊ फोन आहेत. सगळे झाले की एकदाच काढा."