नसीमभाभी आणि तळमजल्यावरची नववी

नसीमभाभी गेल्याचं सानानंच फोनवर सांगितलं. ‘मॅडम, अम्मी गेली,’ एवढंच म्हणाली... मग आम्ही दोघीही कितीतरी वेळ फोन कानाला लावून नुसत्या रडत राहिलो.

दिग्रसला आमची घरं शेजारीशेजारी. भाभी ब्लाउज शिवायच्या. त्यांची लेक साना लहानपणापासून व्हीलचेअरवर आणि मी शिकवते त्याच शाळेत. शाळेचे सगळे वर्ग वरच्या मजल्यावर; खाली फक्त ऑफिस आणि पोषण आहाराच्या तांदळाची खोली. भाभी रोज सानाला पाठीवर घेऊन जिना चढायच्या. ती आठवीत असताना त्यांच्या कमरेनं हात टेकले. मुख्याध्यापकांनी अगदी मायेनं सुचवलं, की तिला परजिल्ह्यातल्या वसतिगृहाच्या शाळेत घाला, तिथे तिच्यासारख्याच मुली असतात. ‘तिच्यासारख्या म्हंजे बडबड्या?’ भाभींनी विचारलं. मग शांतपणे चौकशी केली, की ऑफिस खाली का? सर भोळेपणानं बोलून गेले, गुडघे दुखतात म्हणून.

‘तुमचे गुडघे दुखते म्हणून ऑफिस खाली. माह्या पोरीचे पायच चालत नाही, तर तिचा वर्ग वर काहून?’

मीही तिथेच होते, हसू लपवायला खिडकीबाहेर बघू लागले. सरांनी चहा मागवला.

जूनमध्ये नववी ऑफिसात आली. सर काही वर गेले नाहीत. टेबल-खुर्चीसकट तांदळाच्या खोलीत गेले. पाहणीला आलेल्या साहेबांना पोत्यावर बसावं लागलं आणि निघताना त्यांच्या कोटावर सोंडकिडे फिरत होते. सर कुरकुरायचे, पण पलीकडे इतिहासाचं काही चुकलं की भिंतीआडून ओरडून दुरुस्त करायचे. पुढल्या वर्षी दहावीही त्यांनी आपणहून खाली आणली.

भाभींच्या गळ्यात शिवणाचा टेप कायम असायचा. लग्न असो की दवाखाना, शिरल्याशिरल्या दारं मोजायच्या, न्हाणीघराचं आधी. एका मंगल कार्यालयात दारात उभ्या असलेल्या काकांना वाटलं, शेरवानीचं माप घेताहेत. बिचारे दोन्ही हात पसरून उभे राहिले. ‘हात खाली घ्या, भाईजान, खुर्ची जाऊ द्या,’ भाभी म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात यवतमाळला सानाच्या कॉलेजात गेले. प्रयोगशाळेच्या दाराशी ती होती, गळ्यातला टेप काढून माप घेत. दुसरं टोक प्राध्यापकांनी धरलेलं. दार बोटभर कमी भरलं.

‘चौकट काढा लागते, सर,’ ती म्हणाली... सूर थेट भाभींचा.

प्राध्यापकांनी टेपचं टोक न सोडता दुसऱ्या हातानं सुताराला फोन लावला.