फाइलमधून काढलेला कागद

पहिलं बाळंतपण माहेरी, यावर आमच्याकडे चर्चा नसते. सासर पेणला, माहेर रोह्याला. नववा लागायच्या आधी आई मला न्यायला येणार, हे लग्नातच ठरल्यासारखं होतं. मला मात्र पेणलाच राहायचं होतं आणि त्याचं कारण कुणाला सांगता येत नव्हतं.

सहाव्या महिन्यात मला खाली फोड आले होते. जळजळ इतकी, की लघवीला जायची धास्ती वाटायची. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी फोडातलं पाणी तपासायला पाठवलं आणि काही दिवसांनी नवऱ्याला आणि मला समोर बसवून सांगितलं, की हे हर्पिस आहे. शरीरसंबंधातून येतं, कधीकधी वर्षानुवर्षं अंगात गप्प बसून राहतं, त्यामुळे कुणाकडून कुणाला आलं ते सांगता येत नाही. पुष्कळांना असतं. पण प्रसूतीच्या वेळी फोड असले तर बाळाला लागण होऊ शकते, आणि एवढ्याशा जिवाला ती झेपत नाही. तेव्हा मग सिझेरियन. शेवटच्या महिन्यात रोज गोळ्या. जिथे बाळंत व्हाल तिथे हे आधी सांगायचं, असं त्या दोनदा म्हणाल्या आणि कागदावर लिहूनही दिलं.

बाहेर आल्यावर नवऱ्याने गाडी सुरूच केली नाही. तो धरमतरच्या जेटीवर शिफ्टमध्ये काम करतो, बोलणं मोजकं. मला वाटलं, आता विचारणार. कॉलेजात असताना माझ्या आयुष्यात एक मुलगा होता. तो विषय आमच्यात कधी निघाला नव्हता. नवऱ्याचं मागचं मीही कधी विचारलं नव्हतं.

"कुणाचं ते शोधत नको बसूया," तो म्हणाला. "बाळ नीट होऊ दे."

त्याच्याबद्दल मला इतकं बरं आधी कधी वाटलं नव्हतं, आणि स्वतःबद्दल इतकं वाईटही.

माझे वडील निवृत्त शिक्षक. घरात आलेला प्रत्येक कागद ते वाचतात, भोकं पाडून फाइलला लावतात, कोपऱ्यात लाल पेनाने नंबर घालतात. लाइटबिलांचीसुद्धा त्यांच्याकडे अनुक्रमणिका आहे. माझी फाइल त्यांच्या हातात पडणार हे उघड होतं. म्हणून आई यायच्या आदल्या दिवशी मी तो कागद आणि रिपोर्ट काढून पेणच्या कपाटात साड्यांखाली घातले. गोळ्या तेवढ्या बरोबर घेतल्या. कुणी विचारलं तर अ‍ॅसिडिटीच्या म्हणायचं. तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

अ‍ॅसिडिटीसाठी गोळ्या घेणं आईला मान्य नव्हतं. गरम पडतात, बाळाला बाधतात, असं म्हणून तिने सगळ्या पट्ट्या उचलून ठेवल्या आणि मला सकाळ-संध्याकाळ कोकमाचं पाणी सुरू केलं. नवऱ्याला फोन करून दुसऱ्या मागवता आल्या असत्या. आईला खरं सांगता आलं असतं. मी कोकमाचं पाणी प्यायले. इतके दिवस काही झालं नाही, आता काय होतंय, असं मनाला बजावत राहिले आणि रोज न्हाणीघरात आरसा घेऊन बघत राहिले. कळा सुरू झाल्या त्या सकाळी तिथे दोन फोड होते.

रिक्षात मी ठरवलं, डॉक्टरांना एकटीने गाठून सांगायचं. पण दवाखान्यात आई माझ्या बाजूची हलेना. डॉक्टरांनी फाइल चाळली आणि गरोदरपणात काही त्रास झाला का, असं विचारलं. माझ्याआधी आईनेच उत्तर दिलं.

"काय नाय हो, जरा अ‍ॅसिडिटी."

मग काही काळजी नाही, नॉर्मल होईल, असं डॉक्टर म्हणाले आणि निघाले. वडील पिशवी धरून दारात उभे होते. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण डॉक्टर आणखी दोन पावलं गेले असते तर मी गप्पच राहिले असते, हे मला कळत होतं.

"मला हर्पिस आहे," मी म्हणाले. "आत्ता फोड आहेत."

डॉक्टर फार चिडले. ही लपवायची गोष्ट होती का, असं सगळ्यांसमोर विचारलं आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला लावली. मुलगी झाली. तिच्या डोळ्यांतले, तोंडातले नमुने मुंबईला गेले. रिपोर्ट येईपर्यंत ती शिंकली, दूध ओढेना, जास्त वेळ झोपली, की दुपट्यात हात घालून मी तिच्या अंगावर फोड शोधत बसायचे. माझ्यामुळे ही जाणार, असं मी धरूनच चालले होते.

रिपोर्ट चांगला आला. वडिलांनी त्यावर नंबर घातला नाही. तो नुसताच माझ्या उशाशी ठेवून ते बाहेर गेले.

त्या दुपारी आई माझी वेणी घालत होती. पाठीमागूनच तिने विचारलं.

"एक सांग गो. त्याचं का तुझं?"

माहीत नाही, हे खरं उत्तर होतं. पण त्या उत्तराने मीही त्यात आले असते, आणि मला अजून तीन महिने त्या घरात आईच्या हातचं खायचं होतं.

"त्याचं," मी म्हणाले.

आईने वेणी पुरी केली.

मुलगी आता चार वर्षांची आहे, चांगली आहे. फोड मला अजून अधूनमधून येतात. रोह्याला गेलो की आई नवऱ्यासाठी वरच्या फळीवरचा काचेचा पेला काढते आणि त्यातून दुसऱ्या कुणाला पाणी देत नाही. त्याला वाटतं, जावयाचा मान आहे.