पाचव्या वांग्याचे माहेर

युद्धाचे दिवस होते. पेट्रोल दिसेनासे झाले होते आणि अकोल्याहून निघणारी सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती. चालत होती असे म्हणणे जरा धाडसाचे आहे. मागच्या बाजूला एक लोखंडी भट्टी बसवलेली, तिच्यात क्लीनर अधूनमधून कोळसा घाली, आणि मग मोटारीची लहर लागली तर ती पुढे सरके. पातूरच्या घाटात तिची लहर संपली. ड्रायव्हरने मागे वळून, जणू पुढच्या स्टेशनाचे नाव सांगावे इतक्या शांतपणे सांगितले, "उतरा जी सगळे. ढकला लागते."

मी एका हातात पिशवी सांभाळत ढकलू लागलो. माझ्या शेजारी अकोल्याचे एक वृद्ध जैन गृहस्थ ढकलत होते. ते शिरपूरच्या जैन देवळात दर्शनासाठी निघाले होते. त्यांना सारे शेटजी म्हणत. घाम पुसत त्यांनी विचारले, "तुम्हीही दर्शनालाच का?"

"नाही, मी वांग्यासाठी आलोय," मी म्हणालो.

शेटजींचे ढकलणे थांबले. जैन माणसाला बहुबीज वांगे वर्ज्य, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला. तीर्थाच्या वाटेवर भेटलेला हा इसम वांग्यासाठी एवढा डोंगर चढतो आहे, हे त्यांना काही केल्या पटेना. मेडशीला मोटार थांबली तेव्हा चहा त्यांनीच पाजला, पण चेहऱ्यावर कीव होती.

त्यांना सगळे सांगायचे तर बराच वेळ लागला असता. मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत हंगामी मदतनीस होतो. माझ्यावर चार साहेब होते आणि चौघांची चार शास्त्रे. एकदा आमच्या खानावळीत वाशीमकडच्या शिरपूरहून कोणीतरी वांग्यांची टोपली आणली. रसायनवाल्या साहेबांनी पाहिले की चिरून ठेवलेले ते वांगे जेवण उरकले तरी काळे पडले नाही. ते ताटावरून उठले ते थेट प्रयोगशाळेत गेले. वनस्पतीवाल्या साहेबांना कळले की त्या गावात वांग्याला मर लागत नाही. आमच्या प्लॉटात तर उभी झाडे सकाळी हिरवी आणि संध्याकाळी माना टाकलेली अशी मरत होती. गणितवाल्या साहेबांनी पाच वाणांचा पाच बाय पाच चौकोन आखून ठेवला होता. प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या ओळीत एकदा आणि उभ्या ओळीत एकदा यायचे, म्हणजे जमिनीचा गुणदोष सगळ्यांच्या वाट्याला सारखा. वाणे मात्र चारच मिळाली होती. चौथे साहेब माती, चुना, विटा यांचे जाणकार. त्या गावात बी मातीच्या गोळ्यात ठेवतात आणि तो गोळा वर्षभर तडकत नाही असे त्यांनी ऐकले होते, तेव्हा तेवढा एक गोळाही आणा म्हणाले.

आमचे बडे साहेब म्हणजे वनस्पतीवालेच. निघताना ते म्हणाले, "पावसाच्या आत पाचवं वाण आलं तर तुम्हाला कायम करतो. नाही आलं तर चौकोन बुडाला, आणि चौकोनाबरोबर तुम्हीही."

मालेगावला मोटार सोडली आणि दमणी (हलकी बैलगाडी) केली. माघ संपत आला होता. पऱ्हाटीची (कपाशीची) वेचणी झालेली, वावरे (शेते) उघडी पडलेली, आणि तुरीच्या वाळक्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या. शिरपूरच्या अलीकडे एका विहिरीपाशी मात्र एकदम हिरवे झाले. मोटेचे पाणी पाटाने धावत होते, सांबाराचा (कोथिंबिरीचा) वास येत होता, आणि भेदरे (टोमॅटो) लाल होऊन लोंबत होती. त्या वांग्याची चौकशी मी वाटेतच केली होती; दमणीवाला म्हणाला, "हेच पार्बताबाईचं वावर. पन बी मांगू नोका, बुढी देत नाई." मला वाटले, सरकारी पत्र दाखवले की देईल.

पार्बताबाईचा मुलगा किसन मोटेवर होता. वयाने चाळिशीचा, बोलायला मोकळा. त्याने मला बाजेवर (खाटेवर) बसवले, गुळाचा खडा आणि पाणी दिले. मी पत्र काढले. त्याने ते उलटे-सुलटे पाहून घडी करून माझ्या हातात परत दिले.

"माह्या हातात काई नाई जी," तो म्हणाला. "वावर माहं, मोट माही, बैल माहे. बी बुढीचं."

"तुम्ही त्यांचे चिरंजीव. तुम्ही सांगून पाहा."

"मले देत नाई, तं तुमाले कायले देईन?"

मळ्यात वांग्याचे दोन वाफे होते, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मध्ये तुरीचे दाट पट्टे. मी चौकशी केली. अलीकडचे वांगे पार्बताबाईचे, तिच्या माहेरचे. पलीकडचे काटेरी वांगे सुनेचे, तिच्या माहेरचे. दोघींच्या वांग्यांना एकमेकींचे वारे लागू नये म्हणून मध्ये तूर. परागांची सरमिसळ टाळायला अंतर ठेवावे आणि आडोसा करावा, यावर आमच्या बड्या साहेबांनी मोठा निबंध लिहिला आहे. इथे ते काम सासू-सुनेच्या बोलण्यातून आपोआप झाले होते.

दुपारी पार्बताबाई घरातून मळ्यात आली. काटक बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोळे असे की माणूस आपोआप खरे बोलायला लागावा. मला घरी नेऊन चुलीपाशी भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा असे जेवण तिने वाढले. भरीत तोंडात घातले आणि मी साहेबांना, चौकोनाला आणि पगाराला काही क्षण विसरलो. मग आठवण झाली आणि मी बी मागितले.

"बी लेकीले देत असतेत," ती म्हणाली. "लेक सासरी चालली का ओटीत बी. माह्या मायनं मले देल्लं, तिच्या मायनं तिले. दुसऱ्या कोनाले नाई."

"मग तुमच्या लेकीकडून मिळेल का?"

"लेक नाई मले. हा एक किसना."

मला वाईट वाटले, पण त्याहून जास्त माझी स्वतःची चिंता वाटली, हे कबूल करतो. सून आपल्या माहेरचे बी घेऊन आलेली, तिच्या लेकीला ती तेच देणार. म्हणजे पार्बताबाईचे वांगे पार्बताबाईबरोबर संपणार, हे तिलाही ठाऊक होते. तरी नेम मोडायला ती तयार नव्हती. चुलीवरच्या शिक्यात मातीचा, राखेचा आणि शेणाचा एक गोळा लटकत होता. चौथ्या साहेबांचा गोळा तो हाच. मी त्याच्याकडे आशाळभूतपणे पाहत राहिलो.

"पन तुमाले पाह्यजेन कायले?" तिने विचारले.

मी राखेत काडीने चौकोन आखला. तूर, ज्वारी, हरभरा आणि सरकी यांचे दाणे चार वाणांच्या जागी मांडले आणि पाचव्याच्या पाच जागा रिकाम्या ठेवल्या. प्रत्येकाने प्रत्येक ओळीत एकदाच यायचे, हे मी फार सोपे करून सांगू लागलो. माझे अर्धे सांगून होते तोच तिने पाच चिंचोके आणून त्या रिकाम्या जागी टाकायला सुरुवात केली, माझ्या दोन चुका उचलून सरळ केल्या आणि चौकोन पुरा केला.

"हे तं पंगत हाये," ती म्हणाली. "आमी पाच जावा. सासू म्हने, रोज एकीनंच धुरात काहून बसाव? म्हनून आज जे चुलीपाशी बसली, थे उद्या एक जागा सरकली. पाच दिवसांत सगळ्याईनं धूर खाल्ला, सगळ्याईनं वारं खाल्लं. भांडन नाई."

हा चौकोन समजून घ्यायला मी एक आख्खा पावसाळा घालवला होता. गणितवाल्या साहेबांना हे कधी सांगायचे नाही, असे मी तिथेच ठरवले.

मुक्काम किसनच्या घरीच झाला. सकाळी तोंड धुऊन मी निघायच्या तयारीला लागलो. गोळा शिक्यातच होता. नागपूरला जाऊन काय सांगायचे, याची वाक्ये मी मनात जुळवत होतो आणि एकही जुळत नव्हते. पार्बताबाई दारात येऊन उभी राहिली.

"तुले माय हाये का?"

कालचे 'तुमी' आज 'तू' झाले होते. "नाही," मी म्हणालो. "मी लहान असतानाच गेली."

"बहीन?"

"नाही."

"मंग कुठून निंगताना तुले कोन म्हनते, पुन्ना कवा येशीन?"

वसतिगृहातून निघालो, खानावळीतून निघालो, नोकऱ्यांतून तर बऱ्याचदा निघालो, पण असे कोणी विचारल्याचे काही केल्या आठवेना. ती आत गेली आणि सूप घेऊन बाहेर आली. सुपात ज्वारी, नारळ, हिरवा खण आणि मधोमध तो गोळा.

किसनच्या हातातला मोटेचा नाडा (दोर) गळून पडला. "माय, हा बाप्या मानूस हाये."

"मले दिसते. मिशा हायेत त्याले."

"मंग?"

"माह्या मायनं सांगतलं, बी लेकीले दे. लेकीले मिशा नसाव्या, असं नाई सांगतलं."

किसनने थोडा वेळ विचार केला. यात चूक कुठे आहे ते त्याला सापडले नाही. मलाही सापडले नाही.

मग माझी पाठवणी झाली. मला पाटावर बसवले, कपाळाला कुंकू लावले, धोतराचा सोगा पसरायला लावला आणि त्यात ओटी भरली. सुनेने तोंडाला पदर लावला होता, आणि तो रडण्यासाठी नव्हता. शेवटी पार्बताबाईने एक हिरवी बांगडी काढली. मी हात मागे घेतला.

"शीव वलांडेस्तोवर हातात राहू दे," ती म्हणाली. "लेक रित्या हातानं जात नाई." आणि तिने माझा पंजा असा काही दाबला की हाडे एकमेकांवर चढली आणि बांगडी मनगटात जाऊन बसली.

"दिवाळीले ये. येताना पयलं वांगं आन. अन् बी कोनाले देशीन तं लेकीलेच देजो."

मी हो म्हणालो. वाकून नमस्कार केला तेव्हा तिने डोक्यावरून हात फिरवून बोटे कानशिलावर मोडली. हे नाटक आहे हे मला कळत होते, तरी मी पुन्हा एकदा वाकलो.

गावची शीव ओलांडल्यावर बांगडी काढू लागलो तर ती निघेना. मालेगावला मोटारीत चढलो तेव्हा आत शेटजी बसलेले. त्यांनी आधी कपाळावरचे कुंकू पाहिले, मग मांडीवरची ओटी, मग मनगट. पातूरचा घाट उतरल्यावर हळूच म्हणाले, "वांग्यामुळे हे सगळं?"

"हो," मी म्हणालो.

"म्हणूनच आमच्यात खात नाहीत," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

नागपूरला आल्यावर साबण झाला, गोडेतेल झाले, प्रयोगशाळेतले ग्लिसरीन झाले. बांगडी जागची हलली नाही. फोडून टाकावी असे एकदा मनात आले, पण हात उचलला नाही. मी लांब बाह्यांचे सदरे वापरू लागलो. बियाण्याच्या नोंदवहीत 'कोणत्या अटीवर मिळाले' असा रकाना होता. मी त्यात लिहिले, 'दिवाळीला परत येण्याच्या बोलीवर.' कारकुनाने ते वाचून पुढे तांबड्या शाईने प्रश्नचिन्ह काढले.

आषाढात चौकोन लावला. भादव्यात मर आली. चार वाणांच्या माना एकेक करत खाली गेल्या आणि पाचवे वाण जिथे जिथे होते तिथे तिथे ताठ उभे राहिले. गणितवाले साहेब चौकोनाभोवती फिरत राहिले. रसायनवाल्यांना वांगे काळे का पडत नाही ते कळले नाही, पण ते शोधण्याच्या निमित्ताने त्यांनी बरीच वांगी घरी नेली. गोळा मातीवाल्या साहेबांनी पेरणीआधीच फोडला होता, तो हातोडीने.

बड्या साहेबांनी मला बोलावून फर्मावले, "बियांच्या पुड्या करा. सगळ्या शेतकी केंद्रांना पाठवायच्या."

"साहेब, तसं करता येणार नाही."

"का?"

"मी शब्द दिलाय. बी लेकीलाच द्यायचं."

त्यांनी चष्मा काढला. "सरकारला लेक कुठून आणू मी?"

माझ्या कायम होण्याचा कागद त्यांच्या टेबलावर पडला होता, सहीची जागा कोरी. त्यांनी तो उचलून खणात टाकला आणि मला जायला सांगितले. मी खोलीवर येऊन पेटी आवरायला घेतली. शब्द मोडला असता तर नोकरी वाचली असती, हे कळत होते. पण मग दिवाळीला कोणत्या तोंडाने जाणार, हा प्रश्न मला नोकरीपेक्षा मोठा वाटत होता, आणि याचे माझे मलाच आश्चर्य वाटले.

तीन दिवसांनी पुन्हा बोलावणे आले. साहेबांनी स्वतः उठून दार लावले. कागद माझ्यापुढे सरकवला. सही केलेली होती.

"केंद्रांचं नंतर बघू," ते म्हणाले. मग ते टाक पुसू लागले. "मला तीन मुली आहेत. थोरलीचं लग्न वैशाखात आहे. काल घरी हे सगळं बोललो, तर ती म्हणाली, बाबा, मला दागिन्यांत काय घालायचं ते घाला, पण ते बीही हवं. मिळेल का?"

मनगटातली बांगडी बाहीखाली टेबलाला लागून किणकिणली. मी दिवाळीच्या रजेचा अर्ज खिशातून काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"आईला विचारून सांगतो," मी म्हणालो. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदाच उच्चारत होतो.