दिवसभर चालू असलेला फळा

भूमितीच्या बाई आजही दोघांचे उपकार मानतात, आणि दोघंही त्यांच्याहून कितीतरी लहान.

शाळेत बोटांनी चालणारा, पडद्याचा नवा फळा आला तेव्हा 'रोज वापरा' असा वरून हुकूम निघाला आणि बाईंचं डोकं फिरलं. मग त्या सकाळी आल्या आल्या त्यावर धड्याचं पान लावत, त्याच्याकडे पाठ करत आणि शेजारच्या काळ्या फळ्यावर खडूने असं वर्तुळ काढत की कंपासने मान खाली घालावी. नवा फळा बिचारा संध्याकाळपर्यंत नुसता चालू.

पहिल्या बाकावर जाड भिंगांची एक मुलगी बसे. शेजारणीच्या वहीतून आकृत्या उतरवायची, चुकायची आणि बाईंची बोलणी मुकाट्याने खायची. हिला गणित सोडायला लावायचं, असं घरी जवळजवळ ठरलंच होतं.

एकदा मधल्या सुट्टीत बाई विसरलेली पर्स घ्यायला परतल्या, तर ही पडद्याला नाक लावून उभी. दोन बोटांनी ताणून तिने धड्यातला त्रिकोण हा एवढा मोठा केला होता.

"काय चाललंय गं?"

"कोन बघत होते, बाई. खडूचा दिसत नाही. इथे दिसतो."

बाईंच्या ध्यानात आलं, इतके दिवस आपण हिला धांदरट म्हणत आलो. शाळा सुटताच त्यांनी संगणकाच्या सरांना गाठलं. सर त्यांच्या मुलाच्या वयाचे.

"मला शिकवा हो हे."

"बाई, फळ्याच्या प्रशिक्षणात तुम्ही स्वेटर विणत होतात."

"तेव्हा हुकूम होता. आता काम आहे."

सरांनी रोज थांबून शिकवलं, तेही न हसता. निदान तोंडावर तरी. सवयीने बाईंनी पडद्यावर डस्टर फिरवलं तेव्हा मात्र अख्खा वर्ग खो खो हसला, बाईसुद्धा. आकृती बारीक असली की फळा चालू, काम झालं की बंद, असं सुरू झालं. सहामाहीत त्या मुलीने सगळ्या आकृत्या स्वतः काढल्या. घरी गणित सोडायचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

वर्ष संपता संपता मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. फळा किती वेळ चालू होता, ते त्यांना संगणकावर दिसे.

"बाई, तुमचा वापर सगळ्या शाळेत पहिला असायचा. आता निम्म्यावर आलाय. कंटाळलात की काय?"

"नाही सर. आत्ता कुठे वापरायला लागलेय."

बाई वर्गात परतल्या. पहिल्या बाकाशी थांबून त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझ्यामुळे शिकले गं मी," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, आणि फळा चालू केला.