दोघांत एक ताट

धुळ्यात आमच्या ऑफिसच्या आसपास चांगलं जेवण कुठे मिळतं, हे लोक मलाच विचारतात. हा मान मी पोटावरून हात फिरवत स्वीकारतो. पण खरं तर तो दोघांचा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी आणि मी, हायवेपासून बसस्टँडपर्यंत नवं हॉटेल, नवा कॅफे उघडला की दुपारी तिथे हजर. मेनूकार्डावर पास्ता असो नाहीतर पिझ्झा, आम्ही मागवणार शेवभाजी. ज्याला ती जमत नाही त्याचं पाणीही पिऊ नये, हा आमचा कायदा.

एरवी नेहमीचं हॉटेल नानांचं, आणि ताट एकच. भाकरी मी चुरायच्या, रस्सा त्याने ओतायचा आणि दोन्ही बाजूंनी खात मधे भेटायचं. रस्सा आटला की तो आरोळी ठोकायचा, "नाना, तर्री येऊ द्या!" आजूबाजूचे लोक वळून बघायचे आणि आम्ही आणखी चेकाळायचो.

मग त्याला बढती मिळाली. ऑफिसभर पेढे मीच वाटले. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या हॉटेलात मी आधी पोहोचलो आणि सवयीने दोघांच्या भाकरी चुरून बसलो. तो आला, पण मोठे साहेब आणि आणखी दोन अधिकाऱ्यांबरोबर, आणि तडक काचेचं दार ढकलून एसी हॉलमध्ये गेला.

गल्ल्यावरच्या नानांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. "भाऊ, एवढं कोण खाई? तुमना जोडीदार तर तिकडे गया."

"मी खातो नाना, तुम्ही रस्सा वाढा."

पहिला घास घेतला तोच काचेचं दार उघडलं. "अरे, इकडे ये ना!" तो बोलावत होता. मी हात धुतले, केस नीट केले आणि नवरदेवासारखा आत शिरलो. टेबलाला चार खुर्च्या, चारही भरलेल्या.

"साहेब, यांना इथलं सगळं ठाऊक आहे. काय मागवायचं ते हेच सांगतील."

मग मीही नाटकात कमी पडलो नाही. खांद्यावर रुमाल टाकला, कमरेत वाकलो आणि सर्वांत जहाल शेवभाजी सांगितली, वर दुप्पट तर्री. मोठे साहेब पुण्याकडचे. म्हटलं, रडू दे. तर त्या माणसाने वाटी पुसून खाल्ली, आणखी मागवली आणि माझ्या मित्राला म्हणाला, "आता रोज इथेच."

मी त्या हॉटेलात जाणं सोडलं. डबा आणू लागलो.

परवा दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. कितीतरी दिवसांनी. मी डबा खणात सरकवला आणि उठलो.

"बस, बस. साहेबांना भरीत खायचंय. देवपुरातलं ते कुठलं रे, आपण जाणार होतो ते?"

मी सांगितलं. पांझरेचा पूल ओलांडून डावीकडे, शाळेच्या मागे. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मागवा, हेही सांगितलं. तो "वा!" म्हणाला, पाठीवर थाप मारली आणि गेला. खिडकीतून त्यांची गाडी गेटबाहेर पडताना दिसली.

तिथलं भरीत कसं असतं, मला माहीत नाही.