न दिसणारा खांब

त्रोफीम मिस्त्रीच्या कामाची तारीफ करायची, तर ते दिसतच नाही म्हणायचं. फ्रान्समधल्या आर्ल गावातल्या बाकीच्या गवंड्यांना हे ऐकवलं असतं तर त्यांनी थापी फेकून मारली असती. पण त्रोफीम रिंगणातला गवंडी होता, आणि रिंगणात काम न दिसणं हीच कमाई होती.

रिंगण म्हणजे रोमन लोकांचं. त्यांनी ते दगडात बांधलं आणि हजारो माणसं पायऱ्यांवर बसवून खाली माणसं-जनावरं मरताना दाखवली. पुढे रोमन राहिले नाहीत, लुटारू आले. तेव्हा गावानं कमानी बुजवल्या, वर चार बुरूज चढवले आणि आत राहायला सुरुवात केली. मग कोणी बाहेर गेलंच नाही. दोनशेवर घरं, दोन देवळं, बोळ, कोंबड्या, दोऱ्यांवर वाळणारे कपडे. जिथं सिंह सोडत तिथं मादलोन नावाची विधवा कांदे विकायची, आणि गिऱ्हाइकाला सिंह परवडला असता.

घर दुरुस्त करायचं तर दगड वरच्या पायऱ्यांचाच काढायचा. तशी बंदी होती, म्हणून तो असा घडवायचा, असा बसवायचा, की जन्मापासून तिथंच आहे असं वाटावं. चुना कमी, सांधा केसाएवढा, छिन्नीचे घाव जुन्या घावांच्या तिरकसपणात. त्रोफीमच्या आज्यानं हे बापाला शिकवलं, बापानं त्याला. काम संपलं की शेजारी दारात उभे राहून डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "नाही बुवा दिसत." त्या दिवशी त्रोफीमला जेवण गोड लागायचं.

ज्या थंडीत रोन नदी गोठली, त्या वर्षी त्यानं दौफिनशी लग्न केलं. घर त्याच्या बापाचंच, दक्षिणेकडच्या एका कमानीत. चुलीजवळची भिंत खचत होती म्हणून त्यानं नवा खांब उभा केला. त्यात दौफिनच्या छातीच्या उंचीला एक कोनाडा ठेवला. शेवटचा दगड बसवताना दौफिननं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान काढून आत टाकलं.

"हे कशाला?" त्रोफीम म्हणाला.

"मिस्त्रीचं काम दिसत नाही ना, मग माझं तरी कुठं दिसायला हवंय? पण आत असू दे."

दर डिसेंबरात, संत बार्बराच्या दिवशी, दौफिन त्या कोनाड्यात तीन बशांत गहू पेरायची. नाताळपर्यंत हिरवेगार वाढले तर वर्ष बरं जाणार. सदतीस वर्षं तिनं ते केलं. मूलबाळ झालं नाही. गहू मात्र दर वर्षी झाला. मग ती तापानं गेली. त्या डिसेंबरात गहू त्रोफीमनं पेरला. पाणी जास्त झालं, कुजला.

आणि त्याच सुमारास ठरलं की रिंगण मोकळं करायचं. रोमन ते ठेवायचं, बाकी पाडायचं. लोकांना मोबदला देऊन बाहेर घालवायचं. उत्तरेकडून एक इंजिनिअर साहेब आले. पांढरे हातमोजे घालून चिखलात उभे राहिले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की रोमन कुठे संपतं आणि कोंबड्यांचं खुराडं कुठे सुरू होतं ते आपल्याला कळत नाही. त्यांनी विचारलं, कुणाला कळतं? लोकांनी मिस्त्रीकडे बोट दाखवलं.

काम साधं होतं. पाडायच्या भिंतीवर चुन्याची फुली मारायची. त्रोफीमनं ते घेतलं, कारण बाहेरच्या गवंड्यांनी खरा जुना दगडही फोडला असता. निदान तो तसं सांगायचा.

"शाबास मिस्त्री," मादलोन तिच्या दारावर फुली पडली तेव्हा म्हणाली. "तुझ्या बापानं ही भिंत माझ्या आईला बांधून दिली होती. चांगली बांधली होती म्हणायची. फुली अगदी सरळ बसली."

"मादलोन, खोटं कसं सांगू? नवी आहे ती."

"नवी! माझ्या जन्माच्या आधीची आहे मेल्या! मी काय नवी दिसते तुला?"

"तू रोमनच आहेस. पण तुझ्यावर फुली मारायला साहेबांनी सांगितलं नाही."

ती हसली नाही. आधी अशा बोलण्यावर ती कांदा फेकून मारायची. आता तिनं दार लावून घेतलं, ज्या दाराला आठ दिवसच उरले होते ते.

दोन वर्षं असं चाललं. त्रोफीम पुढे, फुल्या मागे, त्यामागे पहारी. ज्या घरांत त्याच्या कामाला 'नाही दिसत' म्हटलं गेलं होतं, तिथं तो जाऊन ते दाखवून द्यायचा. कोणी शिव्या द्यायचं, कोणी नुसतं बघायचं. एकानं त्याच्यासमोर कोंबडी कापली आणि म्हणाला, हिच्यावरही मार. फुली एकदाही चुकली नाही.

मग दक्षिणेची कमान आली.

त्या सकाळी मादलोन नव्या घरातून, नदीपलीकडून, मुद्दाम आली. तिच्याबरोबर दहाबारा जुने शेजारी. उत्तरेचा बोचरा मिस्त्राल वारा सुटला होता. चुन्याची धूळ सगळ्यांच्या तोंडात.

"आता बघू," ती म्हणाली. "स्वतःच्या घरात मिस्त्रीला सगळं रोमन दिसतंय का."

त्रोफीमनं पडवीवर फुली मारली. पोटमाळ्यावर मारली. झोपायच्या खोलीच्या भिंतीवर मारली. खांबापाशी आल्यावर ब्रश भांड्यात बुडवून तो इतका वेळ उभा राहिला की चुना ठिबकून त्याच्या बुटावर पडला. न बोलता पुढे गेला असता तर खांब राहिला असता. सगळे बघत होते. कोनाड्यात एक रिकामी बशी अजून होती. त्यानं बशी काढून खिशात घातली आणि खांबावर फुली मारली.

मादलोननं मान खाली घातली. "दौफिनचा कोनाडा," ती हळूच म्हणाली.

दुपारी साहेब पाहणीला आले, तेव्हा शेजारी अजून तिथंच होते. खांबापुढे थांबले, हातमोजा काढला, सांध्यावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही.

"बाबा, डोळे गेले का तुमचे?" ते हसले. "हे अस्सल काम आहे. इतका बारीक सांधा आज कोण बसवतं?"

"मी बसवला साहेब. ज्या साली नदी गोठली त्या साली."

"बरं, बरं."

"आत माझ्या बायकोचं अंगुस्तान आहे. कोनाड्यामागच्या दगडाआड."

"म्हणजे अंगुस्तान शोधायला मी रोमन खांब फोडू?" साहेबांनी रुमालानं फुली पुसली. नीट, कोपऱ्यांसकट. "थकलात तुम्ही. आता जरा विश्रांती घ्या."

ते गेल्यावर मादलोन पुढे आली. कोनाडा बघून मऊ झालेला तिचा चेहरा आता पुन्हा कडक झाला होता.

"वा रे! आमच्यासमोर फुली, मागून साहेबाकडून पुसून घेतलीस. छान जमवलंत दोघांनी."

"मी खरं सांगितलं त्याला. तुझ्यासमोर सांगितलं."

"मग फोड. हा घण. एक दगड काढ, अंगुस्तान दाखव. मी पाया पडून माफी मागते."

त्रोफीमनं घण घेतला. तो उचलला, तेव्हा सगळे दोन पावलं मागे सरले. कुठला दगड हे त्याला पाठ होतं. दोन घावांत निघाला असता. हात वरच राहिले. मग घण त्यानं हळूच जमिनीवर टेकवला, झोपलेल्या माणसाजवळ भांडं ठेवावं तसा.

"नाही," तो म्हणाला.

"कळलं," मादलोन म्हणाली आणि निघून गेली. बाकीचेही गेले. त्यानंतर ती चार वर्षं जगली. तो नदीपलीकडे भाचीकडे राहायला गेला, तिथून दोन दारं सोडून ती राहायची, पण त्याच्याकडून एक शब्द घेतला नाही की त्याला एक कांदा विकला नाही.

घर दोन दिवसांत पडलं. खांब उभा राहिला. काहीच न पेलणारा, कमानीला टेकून. पुढे रिंगणात बैल सोडले गेले, गाव पायऱ्यांवर बसून ओरडलं. आर्लला येणारे पाहुणे त्या खांबापुढे थांबत आणि साहेबांसारखंच सांध्यावरून नख फिरवत. त्रोफीम जवळच असायचा. पहिली काही वर्षं त्यानं त्यांना सांगून पाहिलं. लोक हसायचे. मग सोडून दिलं.

एका वर्षी संत बार्बराच्या दिवशी तो खिशातून बशी आणि मूठभर भिजवलेले गहू घेऊन आला आणि कोनाड्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्यानं बशी त्याच्या हातात परत दिली. रिकामी.

"मिस्त्री, इथं घाण करायची नाही. पुरातन वास्तू आहे."

त्रोफीमनं बशीच्या कडेला चिकटलेला एक दाणा बोटानं काढला, तोंडात टाकला, आणि नदीच्या पुलाकडे चालू लागला.